युनूसभाईंची अगरबत्ती

युनूसभाई इंजिनाची आरती करतात, ही बातमी मला माझ्या पहिल्याच आठवड्यात एका पेशंटबाईंनी दिली. जुन्या पनवेलातल्या त्या गल्लीत मी नुकतीच दवाखान्याची पाटी लावली होती. रक्तदाब तपासून घेता घेता बाई म्हणाल्या, "बाजूचा गॅरेजवाला मुसलमान आहे, पण काय श्रद्धा! एकही गाडी ओवाळल्याशिवाय बाहेर सोडत नाही." मी खिडकीतून डोकावले. पांढराशुभ्र लेंगा-शर्ट घातलेला एक उंच, वाळका माणूस उघड्या बॉनेटवर वाकला होता. इंजिन चालू होते. हातातली पेटती अगरबत्ती तो इंजिनाच्या सगळ्या सांदीकोपऱ्यांतून इतक्या हळू फिरवत होता की रस्त्याने जाणाऱ्या एका काकांनी पिशवी काखेत धरून चक्क नमस्कार केला.

आरती वगैरे काही नव्हती ती. त्याच संध्याकाळी युनूसभाई माझ्या दवाखान्यात आले, रांगेतल्या पेशंटांना सलाम करत थेट टेबलापाशी पोचले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तो कानातला जरा द्या ना. पाच मिनिटांत आणून देतो." मी कशाला म्हणून विचारले, तर मलाच ओढून गॅरेजमध्ये घेऊन गेले. एका रिक्षाच्या इंजिनाला माझा स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून ऐकत बसले. मग अगरबत्ती पेटवली. पेटवण्याआधी नाक खुपसून पेट्रोलचा वास कुठे येतोय का ते बघितले, वाळूची बादली पायाशी ओढून घेतली. "हे बघा," ते म्हणाले, "इंजिन पण श्वास घेतं. हवा ज्या दारातून घ्यायची त्याच दारातून घ्यायला पाहिजे. कुठे भोक पडलं, पॅकिंग गेलं, की चोरून घेतं. डोळ्याला दिसत नाय. पण धूर तिकडे वळतो." आणि खरोखर, एका नळीच्या सांध्याशी आल्यावर सरळ वर जाणारा धूर वाकडा झाला आणि आत खेचला गेला. युनूसभाईंनी माझ्याकडे असे बघितले की जणू हे सगळे विज्ञान त्यांनी आज दुपारीच शोधून काढले होते.

स्टेथोस्कोपला नंतर चार दिवस पेट्रोल आणि अत्तर असा मिश्र वास येत होता. ईदला मी त्यांना नवा कोरा स्टेथोस्कोप दिला. माणूस इतका हरखला की सगळ्या गल्लीत फिरून शिंप्यापासून डेअरीवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या छातीला लावून आला. "सगळे स्मूद चालतायत," असा अहवालही मला दिला.

नम्रपणा हा गुण त्यांच्या अंगात औषधालाही नव्हता. कुवेतला ते एका शेखच्या गाड्या सांभाळायचे, त्या काळातल्या गोष्टी ते सांगायचे आणि दर वेळी शेखची गाडी वेगळ्या रंगाची असायची. कधी गाडी वाळवंटात बंद पडायची, कधी ऐन लग्नाच्या मांडवात. युनूसभाई पोचेपर्यंत तिथे जर्मन इंजिनिअर मात्र हटकून हात टेकून बसलेले असायचे. मी एकदा म्हटले, "मागच्या वेळी गाडी हिरवी होती." त्यावर शांतपणे म्हणाले, "शेखकडे पैसा होता बाई. रंग बदलायचा तो."

त्यांचा पांढरा लेंगा-शर्ट हा तर स्वतंत्र विषय होता. गॅरेजमध्ये दिवसभर ग्रीस आणि काळ्या ऑइलमध्ये हात, पण कपड्यावर एक ठिपका नाही. हात पुसायला खांद्यावर दोन फडकी असायची, एक घाणेरड्यासाठी, एक त्याहून घाणेरड्यासाठी. "ज्याच्या कपड्याला काळं लागलं त्याला काम येत नाय," हे वाक्य गल्लीतल्या इतर मेकॅनिकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. त्या मेकॅनिकांचे त्यांच्याशी फारसे पटत नसे, यात नवल नव्हते.

पण एक गोष्ट त्यांच्या वैऱ्यांनीही मान्य केली असती. गाडी थांबवण्याच्या बाबतीत हा माणूस कुणाचे ऐकायचा नाही. "चालते तर सगळ्यांची," ते म्हणायचे, "थांबते कशी ते दाखवा." कोणतीही गाडी परत देण्याआधी ते समोरच्या टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास मागवायचे, तो डॅशबोर्डवर ठेवायचे आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ब्रेक लावायचे. चहा सांडला तर गाडी परत आत. गिऱ्हाईक कितीही ओरडो. एकदा एका वऱ्हाडाची गाडी त्यांनी अशीच अडवून ठेवली आणि नवरदेव माझ्या दवाखान्याच्या बाकावर मुंडावळ्या बांधून बसला होता. माझ्या पेशंटांची त्या दिवशी फार करमणूक झाली.

आता प्रणालीच्या जीपची गोष्ट सांगते, कारण युनूसभाई आठवले की मला आधी तीच आठवते.

आमची इमारत पाडून टॉवर उभा राहणार हे ठरले होते. मला आणि युनूसभाईंना दोघांनाही जागा सोडायची होती. मी खारघरला गाळा बघितला होता. युनूसभाईंचा मुलगा दोहाला होता आणि "अब्बा, आता इकडे या," म्हणून दर शुक्रवारी फोन करायचा. युनूसभाई दर शुक्रवारी "हातातलं काम झालं की येतो" म्हणायचे. हातातले काम कधी संपायचेच नाही, कारण ते संपत आले की ते दुसरे घ्यायचे. पण आता गॅरेजच राहणार नव्हते. सामान विकायला सुरुवात झाली होती. अशात एका सकाळी टोइंगच्या गाडीवरून एक जीप गल्लीत आली. जीपच्या मागच्या सीटखाली एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. टोइंगवाल्याने तिला उठवायचा प्रयत्न केला असावा, कारण त्याच्या हाताला मलाच पट्टी बांधावी लागली.

मागून प्रणाली उतरली. तिशीची, उन्हात रापलेली, आवाज खणखणीत. उलव्याला बांधकामांवर डंपर आणि जेसीबी भाड्याने द्यायचा तिच्या वडिलांचा धंदा होता. वडील गेल्यावर तो ती आणि तिचे काका बामाशेठ मिळून बघत होते. दारात दोन नव्या गाड्या उभ्या असलेल्या घरातली ही मुलगी या गंजक्या जीपसाठी आली होती.

"चाचा, बाबांची जीप हाय," ती म्हणाली. "शेती विमानतळात गेली, जुना गाव गेला, घर गेलं. ही तेवढी र्‍हायलीय. आणि टेकडीवरची देवी."

मग तिने जे सांगितले ते ऐकताना युनूसभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. त्यांच्या गावदेवीची जत्रा टेकडीवर भरते. दरवर्षी देवी पालखीतून वर जाते, पण खाली येते ती जीपमधून, तिच्या वडिलांच्या. देवीपुढे पितळेचा दिवा ठेवलेला असतो, तेलाने काठोकाठ भरलेला. उतारावरून गावापर्यंत तो तेवत यायला हवा. ब्रेक हिसका देऊन लागला की तेल सांडते, वात बुडते आणि दिवा विझतो. वडिलांच्या हयातीत तो कधी विझला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ते गेले, मग इंजिन जाम झाले, जीप शेडमध्ये पडली आणि बामाशेठने जत्रेला सजवलेला टेम्पो लावला. दोन्ही वर्षी दिवा पहिल्याच वळणावर विझला.

"काका बोलला, औंदा जीप आन. दिवा खाली आला तर जीप तुझी, जत्रा तुझी. विझला तर जीप भंगारात आणि परत नाव काढायचा नाय. मी हो बोलून बसलेय."

युनूसभाई माझ्याकडे वळले. चेहरा असा फुललेला मी ईदलासुद्धा बघितला नव्हता. "ऐकलं काय डॉक्टरीणबाई? मी चहाचा ग्लास ठेवतो, हे लोक देवीसमोर दिवा ठेवतात!" आणि प्रणालीला म्हणाले, "पोरी, तुझ्या अब्बाशी माझी ओळख व्हायला पाहिजे होती. कोंबडी कुठे ठेवायची ते तेवढं सांग."

कोंबडी टायरांच्या ढिगात स्थायिक झाली. जुने इंजिन बाहेर निघाले, ते गंजून एकजीव झालेले होते. अपघातात चेमटलेल्या एका मोटारीचे पेट्रोल इंजिन युनूसभाईंनी हुडकून आणले. बदलाची परवानगी वगैरे प्रणालीने रीतसर आधीच काढून ठेवली होती. तिचे वडील पैलवान गडी, नुसत्या पायाच्या जोरावर ब्रेक लावायचे. प्रणालीला तो जोर कुठून येणार, म्हणून युनूसभाईंनी ब्रेकला बूस्टर बसवायचे ठरवले. बूस्टर म्हणजे एक पोकळ डबा. इंजिन हवा आत ओढते तेव्हा जी ओढ तयार होते, तिला ते 'व्हॅकम' म्हणायचे, ती ओढ या डब्याला नळीने जोडायची. मग आपण पाय ठेवायचा, जोर इंजिन लावते.

गाडे अडले ते इथे. त्या अपघातात इंजिनाचा हवा घेण्याचा भाग फुटला होता. त्याच्या जागी युनूसभाईंनी खारघरच्या, गाड्या पळवणाऱ्या कुठल्याशा पोरांकडून थ्रॉटल बॉडी आणली. हा ॲल्युमिनियमचा गळा, त्यात एक गोल झडप, आपण रेस दिली की उघडते, पाय काढला की मिटते. भाग सुरेख होता, चकचकीत. पण शर्यतीच्या गाडीचा, त्यामुळे अगदी सफाचट. नळी जोडायला एकही तोटी नव्हती.

"ह्यांना थांबायचंच नसतं ना," युनूसभाई तिरस्काराने म्हणाले. "भोक आपण पाडू."

त्या दिवशी त्यांनी मला खिडकीतून हाक मारली, "बाई, ऑपरेशन आहे, या!" मी गेले. थ्रॉटल बॉडी इंजिनावरून काढून शिकंज्यात धरलेली. युनूसभाईंनी ड्रिलच्या टोकाला ग्रीस चोपडले, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटतो, आत जात नाही. खूण करता करता त्यांना शेख आठवला. या वेळी गाडी सोनेरी होती. प्रणाली आणि मी हसून बेजार झालो, शेख वाळवंटात रडत होता, जर्मन इंजिनिअर हात टेकून बसले होते, आणि भोक पडले. आटे पाडले, पितळी तोटी घट्ट बसवली, सगळे परत चढवले. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झाले! काय आवाज होता तो! गल्लीतली पोरे जमा झाली, शिंपी मशीन सोडून आला, कोंबडीसुद्धा क्षणभर उठली. टपरीवरून चहा आला, डॅशबोर्डवर ठेवला गेला, प्रणाली स्टीअरिंगवर बसली.

गल्लीच्या टोकाला तिने ब्रेक दाबला. ब्रेक दगडासारखा. घाबरून तिचा दुसरा पाय रेसवर पडला, आणि त्याबरोबर ब्रेक एकदम लागला. जीप जागच्या जागी थांबली आणि सगळा चहा युनूसभाईंच्या दिशेने आला. त्यांनी तो शिताफीने चुकवला, लेंगा वाचला.

पुन्हा करून बघितले. तेच. रेस दिली की ब्रेक लागायचा, रेस सोडली की नाही. म्हणजे गाडी थांबवायची असेल तर आधी पळवायला हवी! शिंपी पोट धरून हसायला लागला. युनूसभाईही हसले. मग त्यांनी बॉनेट उघडले, बघितले, आणि त्यांचे हसू मावळले. थ्रॉटल बॉडी शिकंज्यात उलटी धरली गेली होती. भोक झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पाडायला हवे होते. ते पडले होते अलीकडे. झडप मिटली की तिथे ओढच पोचत नव्हती.

ते माझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले. मी पाणी दिले. "कुवेतला असतो तर बोललो असतो की पार्टच खराब आहे," ते म्हणाले. "पण ह्या पोरीला काय सांगू?" मग पेला खाली ठेवून, "शेखचं ते सगळं खरंच होतं हो. रंगाचं सोडून." मला इतके वाईट वाटले की मी त्यांचा हात हातात घेतला.

दुसरे भोक पाडायला जागा होती, पण तिथला धातू पातळ होता, शेजारीच झडपेचा दांडा. तडा गेला तर संपले. दुसरी थ्रॉटल बॉडी मिळेपर्यंत जत्रा होऊन जाणार, आणि बामाशेठ तर आत्ताच रोज फोन करून "काय झाला गो तुझ्या खटाऱ्याचा?" म्हणून विचारत होते. प्रणाली म्हणाली, "चाचा, पाडा. फुटला तर मी काकाला बोलेन, माझ्या हातून फुटला."

"तुझ्या हातून कशाला?" युनूसभाई ताडकन उठले. "फुटला तर युनूसच्या हातून फुटेल!"

पहिले भोक त्यांनी बुजवून टाकले. या वेळी शेख नाही, गप्पा नाहीत. थ्रॉटल बॉडीवर खडूने इंजिनाच्या बाजूला भला मोठा बाण काढला. त्यांनी मला, प्रणालीला आणि शिंप्याला प्रत्येकी एकदा विचारून घेतले, "इंजिन कोणत्या बाजूला?" आम्ही तिघांनी बोट दाखवले. ड्रिल ते हातानेच फिरवत होते, अगदी थोडे थोडे, मध्येच थांबून ग्रीस लावत, स्टेथोस्कोप टेकवून धातूचा आवाज ऐकत. मी पुष्कळ बाळंतपणांत इतकी घाबरलेली नाही.

तडा गेला नाही. तोटी बसली. इंजिन चालू झाले आणि युनूसभाईंनी नळी जोडण्याआधी त्या उघड्या तोटीवर अंगठा ठेवला. अडखळत चालणारे इंजिन एकदम शांत, एका लयीत चालायला लागले. त्यांनी हात हलवून बघितला. अंगठा सुटेना. "पकडलं! पकडलं मला!" ते लहान मुलासारखे ओरडले. सोडवून घेतला तेव्हा अंगठ्याच्या टोकावर लाल गोल वळ उठला होता. तो वळ त्यांनी गल्लीत सगळ्यांना दाखवला, ज्यांच्याशी पटत नव्हते त्या मेकॅनिकांनाही. त्या दिवशी चहाचा ग्लास गल्लीच्या टोकाला जाऊन आला आणि प्रणालीने तो थेंबही न सांडता माझ्या हातात दिला. तो मीच प्यायले.

जत्रेला मी दवाखाना बंद ठेवला. टेकडीवर ही गर्दी, बँजो, गुलाल, हार. बामाशेठ म्हणजे गळ्यात सोन्याची जाड साखळी, कपाळभर गुलाल, आवाज पुतणीच्याही वरचा. दिवा त्यांनी स्वतः भरला, तेल काठाच्याही वर थरथरत होते. "आता बघू," ते म्हणाले. देवी मागे बसवली, तिच्यापुढे परडीत दिवा. प्रणालीने अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला. युनूसभाई गाडीत बसले नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून जीपच्या बाजूने चालू लागले. मी त्यांच्या मागे.

पहिले वळण आले. टेम्पोच्या वेळी दिवा इथेच विझला होता. प्रणालीने पाय टेकवला, जीप अलगद मंदावली, ज्योत नुसती किंचित वाकून सरळ झाली. बायकांनी एकच गलका केला. दुसरे वळणही गेले. मी आनंदाने ओरडतच होते, तेवढ्यात युनूसभाईंचा चेहरा बदलला.

इंजिनाची लय बिघडली होती. मला काही कळले नसते, पण त्यांच्या तळहाताला कळले. ते खिडकीशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, घाबरू नको. व्हॅकम गळतंय. डब्यात अजून एका ब्रेकपुरता दम आहे, जास्त नाय. आता जो लावशील तो सोडायचा नाय. हळू लाव, आणि उभी राहा."

खाली सरळ उतार, पुढे माणसेच माणसे, मागे देवी. तिने पाय दाबला आणि दाबत राहिली. जीप मंदावत, मंदावत थांबली. परडीच्या कडेवरून तेलाची एक धार ओघळली. ज्योत बारीक झाली, निळी झाली, आणि पुन्हा वर आली. तिने हँडब्रेक ओढला, लोकांनी चाकांना दगड लावले. बँजो थांबला.

"काय झाला?" बामाशेठ धावत आले. "खटारा तो खटाराच!"

युनूसभाईंनी बॉनेट उघडले होते, इंजिन चालूच होते. वाकून नाकाने पेट्रोलचा अंदाज घेतला. मग खिशात हात घातला, आणि मला दिसले की खिसा रिकामा आहे. जत्रेचे नवे कपडे, अगरबत्ती गॅरेजमध्ये राहिलेली. त्यांनी इकडेतिकडे बघितले. देवीपुढच्या ताटात अगरबत्त्यांचा जुडगा जळत होता.

"बामाशेठ," ते म्हणाले, "त्यातली एक घेऊ?"

बामाशेठने त्यांच्याकडे बघितले, त्यांच्या पांढऱ्या टोपीकडे बघितले, उघड्या इंजिनाकडे बघितले. मग चपला काढल्या, जीपवर चढले, देवीला हात जोडले आणि जुडग्यातली एक काडी स्वतः ओढून युनूसभाईंच्या हातात दिली.

युनूसभाईंनी ती इंजिनावरून फिरवायला सुरुवात केली, नेहमीसारखी, हळू, एकेका सांध्यापाशी थांबत. आणि माझ्यासमोर ती सगळी टेकडी हात जोडून उभी राहिली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. कुणीतरी "देवीच्या नावानं चांगभलं" म्हटले. मला एकीकडे हसू येत होते आणि एकीकडे डोळ्यांत पाणी, आणि कुणाला काही समजावून सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. धूर सरळ वर जात होता. मग नव्या पितळी तोटीच्या बुडाशी तो वाकला आणि आत गेला.

"सापडली!" युनूसभाई ओरडले. उतारावरच्या हादऱ्यांनी तोटी आट्यांत सैल झाली होती. "इंजिन बंद कर! नळाच्या कामाची सफेद टेप कोणाकडे आहे काय?"

ज्या गावाने विमानतळाला जमीन देऊन बांधकामाचे धंदे धरलेत, त्या गावाला हा प्रश्न! खिशांतून, गाड्यांच्या डिक्क्यांतून, एकाच्या तर फेट्यातून, मूठभर टेपची रिळे पुढे आली. "कवरी पायजे चाचा?" म्हणत, किती हवी ते विचारत माणसे अंगावर येऊ लागली. युनूसभाईंनी तोटी काढली, आट्यांवर टेप गुंडाळली, पान्याने आवळली, क्लॅम्प कसला. इंजिन चालू. धूर पुन्हा फिरवला. सरळ वर.

खाली गावात शिरताना तो दिवा जळत होता. आरोळ्या, बँजो, गुलाल, कुणाचे कोण ऐकतेय! प्रणाली स्टीअरिंगवर डोके टेकून ढसाढसा रडत होती. बामाशेठने दिव्याला हाताने आडोसा धरून तो देवळात नेला, परत आले, जीपच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "दादाची हाय ती. मी कशाला भंगारात घालीन?" जणू ही कल्पना दुसऱ्याच कुणाची होती. मग युनूसभाईंना मिठी मारायला गेले, तर युनूसभाई दोन पावले मागे सरकले. "गुलाल, बामाशेठ, कपडे!" ते म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात गल्ली रिकामी झाली. युनूसभाईंच्या हातात खरोखरच काम उरले नव्हते. दोहाला जाताना त्यांना विमानतळावर सोडायला प्रणाली आली ती अर्थात जीप घेऊनच. मी मागे बसले, ट्रंक आणि लोणच्याच्या बरण्यांबरोबर. नव्या चकचकीत रस्त्यावर ती मध्येच म्हणाली, "चाचा, हितं आमचं खारं शेत व्हता." युनूसभाईंनी खिडकीतून बाहेर बघितले, पण सिमेंटशिवाय दिसण्यासारखे काही नव्हते.

निघण्याच्या दारापाशी जीप थांबली, अलगद. ट्रंक उतरले, गळाभेटी झाल्या. मग युनूसभाई म्हणाले, "बॉनेट खोल."

"चाचा, हितं थांबू देत नाय."

"खोल गो. इंजिन बंद करू नको."

त्यांनी ब्रेकची नळी काढली आणि तोटीवर अंगठा ठेवला. इंजिन एका लयीत चालू लागले. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. शिट्टी वाजवत एक गार्ड आमच्याकडे यायला निघाला. "चाचा, चला, आला तो," प्रणाली म्हणाली. युनूसभाई वाकून तसेच उभे होते. "थांब," ते म्हणाले, "सोडत नाय ते मला." गार्ड अगदी जवळ आला तेव्हा कुठे त्यांनी अंगठा काढला, नळी लावली, क्लॅम्प आवळला, बॉनेट आपटले. फडकी कधीच विकल्या सामानाबरोबर गेली होती. त्यांनी दोन्ही हात पांढऱ्या शर्टाच्या पाठीशी नेले आणि पुसले.

ते त्यांच्या लक्षातही आले नाही. ट्रंक ओढत, टोपी सावरत, ते काचेच्या दारातून आत गेले. गर्दीत कितीतरी वेळ मला पाठीवरची ती काळी बोटे दिसत होती.